पफ पॅनेलचं आगीचं प्रमाणपत्र: कोकणात युनिट उभारणाऱ्यांनी काय, कसं आणि कधी तपासायचं

कोल्ड स्टोअर असो, आंब्याच्या पल्पचा कारखाना असो, मासळीचा फ्रीझिंग प्लँट असो की समुद्राकाठची होमस्टेची खोली, कोकणात आता भिंती आणि छत सर्रास पॅनेलचं असतं. दोन्ही बाजूंना रंगीत पत्रा, मध्ये उष्णता अडवणारा गाभा. गिलावा वाळायची वाट बघायला नको आणि मिरगाच्या आत काम उरकतं. मी रत्नागिरीच्या बाजूला आंब्यासाठी चेंबर आणि पल्पसाठी फ्रीझर असं युनिट उभारलं. मशिनरी, कर्ज, वीजजोडणी हे सगळं विचारून-विचारून कळत गेलं, पण पॅनेलच्या आगीच्या कागदांबद्दल सरळ उत्तर देणारं कोणी भेटेना. दर व्यापारी ‘आपलं मटेरियल फायरप्रूफ आहे, साहेब’ म्हणायचा आणि दर वेळी वेगळाच कागद पुढे करायचा.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण खालच्या सगळ्या पायऱ्या तिच्यावरच उभ्या आहेत. प्रमाणपत्र फोमचं नसतं आणि कंपनीच्या नावाचंही नसतं. ते एका ठरावीक पॅनेलचं असतं: अमुक कारखान्यात बनलेलं, अमुक जाडीचं, अमुक गाभ्याचं, अमुक पत्र्याचं, अमुक सांध्याचं, अमुक पद्धतीने बसवलेलं. यातलं एक जरी बदललं, तरी हातातला कागद दुसऱ्याच कुठल्या तरी मालाचा होतो.

१. ‘स्वतंत्र’ म्हणजे काय, ते समजून घ्या

व्यापारी जे दाखवतात ते बहुतेकदा टेस्ट रिपोर्ट असतात. कंपनीने स्वतः निवडलेला तुकडा प्रयोगशाळेत पाठवला, प्रयोगशाळेने तो जाळून आकडे लिहून दिले, एवढाच त्याचा अर्थ. रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरात ‘हे निष्कर्ष फक्त तपासलेल्या नमुन्यापुरते’ अशा अर्थाचं वाक्य असतं. ते वाक्य आधी वाचा. शेजारीच नमुना ग्राहकाने आणून दिला की प्रयोगशाळेने स्वतः घेतला, हेही लिहिलेलं सापडेल.

स्वतंत्र प्रमाणपत्राचा पल्ला मोठा असतो. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचा माणूस कारखान्यात येतो, नमुना स्वतःच्या डोळ्यांसमोर बनवून घेतो किंवा स्वतः निवडतो, चाचणी करवतो आणि कच्चा माल व कृती नोंदवून ठेवतो. पुढेही ठरावीक काळाने कारखान्यात येऊन माल तोच आहे का ते पाहतो. मग ते पॅनेल संस्था आपल्या जाहीर यादीत घालते, आणि कंपनीने कृती परस्पर बदलली तर यादीतून काढते. रिपोर्टला ही पाळत नसते.

प्रयोगशाळांची मान्यता आयएसओ १७०२५ या मानकाखाली असते. आपल्याकडे ती एनएबीएल हे राष्ट्रीय मान्यता मंडळ देते. उत्पादनाला प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांसाठी आयएसओ १७०६५ आहे. कंपनीने भिंतीवर फ्रेम करून लावलेलं आयएसओ ९००१ मात्र कारखान्याच्या व्यवस्थापनाचं असतं. त्याचा आगीशी काही संबंध नाही, तरी ते आगीच्या फाइलमध्ये सर्वात वर लावलेलं मी पाहिलं आहे.

२. आधी पॅनेल कुठे लागणार ते कागदावर मांडा

कोटेशन मागवण्याआधी एक साधा नकाशा काढा आणि त्यावर प्रत्येक भिंतीचं काम लिहा. बाहेरची भिंत, आतली पार्टिशन, चेंबरचं छत, मशीनरूमला लागून असलेली भिंत, पॅकिंग हॉल. प्रत्येक जागेचं तापमानही लिहा. हापूसला साधारण १२-१३ अंश लागतात, त्याखाली फळ काळवंडतं. गोठवलेला पल्प आणि मासळी उणे १८ अंशांवर. ब्लास्ट फ्रीझर उणे ४० च्या आसपास. जाडी या तापमानावरून ठरते आणि आगीचं प्रमाणपत्र जाडीशी बांधलेलं असतं, म्हणून हा क्रम उलटा चालत नाही.

छताची उंचीही लिहा. काही प्रमाणपत्रं ठरावीक उंचीपर्यंतच लागू असतात.

३. गाभा ओळखा

बाजारात सगळ्यालाच ‘पफ’ म्हणतात. पण मध्ये काय आहे त्यावर आगीतलं वागणं अवलंबून असतं.

थर्माकोल, म्हणजे ईपीएस. सगळ्यात स्वस्त. शंभर अंशांच्या आसपासच मऊ पडून आकसायला लागतो, मग वितळतो आणि वितळलेला पेटतो. कापलेल्या कडेवर दाणे दिसतात, त्यामुळे ओळखायला सोपा. माणसं काम करतात किंवा झोपतात अशा जागेसाठी मी तो घेणार नाही, दर कितीही कमी असो.

पफ, म्हणजे पॉलियुरेथेन. थंडी धरायला उत्तम, पण जळतो. जळताना कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडही निघतो आणि धूर दाट असतो. बंद चेंबरमध्ये माणूस आगीच्या आधी या धुराने पडतो.

पीआयआर, म्हणजे पॉलिआयसोसायन्युरेट, हा पफचाच सुधारलेला भाऊबंद. आगीत वरच्या थराचा कोळसा होतो आणि तो कोळसा आतल्या फोमला काही काळ राखतो. पफपेक्षा बरा, तरीही जळणाराच. पफ आणि पीआयआर डोळ्यांनी ओळखता येत नाहीत. दोन्ही पिवळसर, दोन्हींची घनता घनमीटरला चाळीस किलोच्या आसपास. पीआयआरच्या दरात पफ गळ्यात पडण्याचा धोका इथेच आहे, आणि स्वतंत्र प्रमाणपत्राचा खरा उपयोगही इथेच.

रॉकवूल दगड वितळवून केलेल्या तंतूंचं असतं. ते जळत नाही, हजार अंशांपर्यंत टिकतं. मग सगळीकडे तेच का नाही? वजन जास्त, त्याच थंडीसाठी जाडी जास्त लागते, आणि आपल्या हवेत सांध्याचं सील गेलं की ते ओल धरतं. जुलैतल्या कोकणी दमटपणात फ्रीझरच्या भिंतीत बाष्प शिरलं की आत बर्फ होतो आणि पॅनेल फुगतं. म्हणून माझं मत असं: फ्रीझरला प्रमाणित पीआयआर; मशीनरूम, जनरेटर आणि विजेच्या पॅनेलची खोली वेगळी करणाऱ्या भिंतीला रॉकवूल. आणि जागा असेल तर त्या भिंतीसाठी आपला जांभा आहेच. चिऱ्याची भिंत जळत नाही, तिला कोणाचं प्रमाणपत्र लागत नाही, आणि गावातला गवंडी ती डोळे मिटून बांधतो.

४. दोन वेगळ्या परीक्षा, दोन वेगळे कागद

नवा माणूस सगळ्यात जास्त इथे गोंधळतो.

पहिला प्रश्न: आग लागली तर पॅनेल स्वतः तिच्यात किती भर घालतं? किती लवकर पेटतं, ज्वाळा किती पसरते, धूर किती, जळते थेंब गळतात का?

दुसरा प्रश्न: पॅनेलच्या एका बाजूला आग असताना पलीकडे ती किती मिनिटं जाऊ देत नाही?

एखादं पॅनेल पहिल्या परीक्षेत चांगलं ठरेल आणि दुसऱ्या परीक्षेला बसलेलंच नसेल. व्यापारी पहिल्याचा कागद दाखवून दुसऱ्याचं उत्तर देतो: ‘हे एक तासाचं आहे, साहेब.’ तास लिहिलेला कागद वेगळा असतो. त्यावर युरोपीय पद्धतीने ई आणि आय ही अक्षरं आणि पुढे मिनिटं असतात, जसं ईआय ६०. ई म्हणजे भिंतीला भगदाड पडून ज्वाळा पलीकडे गेली नाही. आय म्हणजे पलीकडची बाजू ठरावीक मर्यादेपलीकडे तापली नाही. नुसतं ई ६० असेल तर पलीकडे ज्वाळा आली नाही एवढंच सिद्ध होतं. त्या बाजूचा पत्रा तापून टेकवलेल्या लाकडी पेट्या पेटू शकतात. ब्रिटिश पद्धतीत हीच परीक्षा बीएस ४७६ च्या भाग २० आणि २२ मध्ये येते, आपल्याकडे आयएस ३८०९ मध्ये.

बाहेरच्या भिंतीला आणि छताला पहिल्या प्रश्नाचं उत्तर हवं. मशीनरूमच्या भिंतीला दोन्हींचं.

५. कागदावरची नावं: कुठलं कितपत मोलाचं

एफएम ४८८०. अमेरिकेतल्या एफएम अप्रूव्हल्सचं मानक, विमा कंपन्यांच्या गोटातून आलेलं, म्हणून नुकसानीच्या नजरेने लिहिलेलं. यात पूर्ण उंचीची पॅनेलं कोपऱ्यात किंवा समोरासमोर उभी करून मोठ्या आगीने तपासतात. मान्यता ३० फूट, ५० फूट किंवा कितीही उंची अशा मर्यादेसह मिळते. बाहेरच्या भिंतींच्या ताकदीसाठी ४८८१ आणि छतासाठी ४४७१ असे वेगळे क्रमांक आहेत.

एलपीएस ११८१. ब्रिटनच्या एलपीसीबी या प्रमाणन संस्थेचं. पहिला भाग इमारतीच्या बाहेरच्या आवरणाचा, दुसरा आतल्या पॅनेलांचा. फ्रीझर किंवा प्रोसेसिंग हॉलसाठी दुसरा भाग बघायचा. पहिल्या भागाचं प्रमाणपत्र आतल्या चेंबरला दाखवत असतील तर थांबा.

युरोपीय वर्ग, ईएन १३५०१-१. ए१ (सगळ्यात चांगला) पासून एफ पर्यंत अक्षरं, पुढे धुरासाठी एस१ ते एस३ आणि जळत्या थेंबांसाठी डी० ते डी२. रॉकवूलचं पॅनेल साधारण ए२-एस१,डी० मध्ये बसतं, चांगलं पीआयआर बी मध्ये. ही परीक्षा दीड मीटर उंचीच्या कोपऱ्यावर ३० किलोवॉटच्या बर्नरने होते. एफएमच्या मानाने ती लहान आहे, तरी प्रामाणिक आहे. धातूच्या पत्र्याच्या पॅनेलांचं युरोपीय मानक ईएन १४५०९ आहे. त्यावर सीई ही युरोपीय बाजाराची खूण असेल तर ‘डिक्लरेशन ऑफ परफॉर्मन्स’, म्हणजे कंपनीने गुणधर्म लेखी जाहीर केलेला कागद, मागा. नुसती खूण काही सांगत नाही.

आयएसओ १३७८४-१. पॅनेलांचीच छोटी खोली बांधून कोपऱ्यात दहा मिनिटं १०० किलोवॉट आणि पुढची दहा मिनिटं ३०० किलोवॉटचा बर्नर. सांधे आणि कोपरे यांच्यासकट परीक्षा होते, म्हणून छोट्या चेंबरवाल्यांना उपयोगी.

एएसटीएम ई८४. बोगद्यासारख्या भट्टीत वरच्या बाजूला नमुना लावून ज्वाळा किती पळते ते मोजतात. ‘क्लास ए’ म्हणजे ज्वाळेचा निर्देशांक २५ च्या आत. आपल्याकडे हा कागद फार फिरतो. तो खोटा नसतो, पण त्याने कोपऱ्यात आणि सांध्यात काय होईल ते कळत नाही. दुय्यम पुरावा म्हणून ठेवा.

आता जे कागद बाजूला सारायचे ते. यूएल या अमेरिकी संस्थेची यूएल ९४ ही प्लास्टिकच्या छोट्या पट्टीची चाचणी, विजेच्या उपकरणांच्या भागांसाठी. जर्मन मानक डीआयएन ४१०२ चा ‘बी२’ म्हणजे ‘साधारण पेट घेणारं’; दाखवताना मात्र बक्षीस मिळाल्यासारखं दाखवतात. एएसटीएम डी१६९२ कुठे दिसलं तर समजा की माहितीपत्रक कित्येक वर्षं कोणी वाचलेलं नाही. ती चाचणी कधीच मागे घेतली गेली आहे. ‘सेल्फ एक्स्टिंग्विशिंग’ हा शब्द तिच्यासारख्या छोट्या चाचण्यांतूनच बोकाळला, आणि १९७० च्या दशकात अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने फोम उद्योगाला त्यावरून आवरलं होतं. आपल्याकडच्या ब्रोशरांत तो अजून ठणठणीत आहे.

आणि लाइटरचा खेळ. व्यापारी खिशातून पॅनेलचा तुकडा काढतो, लाइटर लावतो, तुकडा काळा पडून विझतो. लाइटरची ज्वाळा आणि पेटलेल्या पेट्यांची थप्पी यांत काही तुलना नाही. चहा प्या आणि कागद मागा.

६. मागायचे कागद

कोटेशनबरोबरच मागा, नंतर नाही. होळीच्या आत चेंबर थंड करायची घाई सुरू झाली की मिळेल ते घेतलं जातं.

- प्रमाणपत्र, क्रमांक आणि मुदतीसह. त्याच्या मागच्या सगळ्या परिशिष्टांसकट. मर्यादा परिशिष्टातच लिहिलेल्या असतात.
- पूर्ण टेस्ट रिपोर्ट. पहिलं आणि शेवटचं पान नको, सगळी पानं. फोटो आणि नमुन्याच्या बांधणीचं वर्णन यासह.
- माल ज्या कारखान्यातून येणार त्याचं नाव-पत्ता, लेखी.
- सांध्याचं रेखाचित्र: कॅमलॉक (आतल्या हुकाने आवळणारा) की जीभ-खाच, कुठलं सीलंट (फट भरायचा लेप).
- उभारणीची पुस्तिका, प्रमाणपत्रात उल्लेखलेलीच आवृत्ती.
- पत्र्याचं मिल टेस्ट सर्टिफिकेट (पत्रा बनवणाऱ्या कारखान्याचा दाखला): जाडी, जस्ताचा किंवा गॅल्व्हल्यूमचा (अॅल्युमिनियम-जस्ताचा) थर, रंगाचा प्रकार.
- प्रयोगशाळेच्या एनएबीएल मान्यतेची व्याप्ती. प्रयोगशाळा मान्यताप्राप्त असते, पण दुसऱ्याच कुठल्या तरी चाचणीसाठी. ज्या चाचणीचा रिपोर्ट आहे ती त्या यादीत आहे का, ते बघा.

७. कागद ताडून बघा

व्यापाऱ्याने व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या पीडीएफवर थांबू नका. एफएमची यादी ‘अप्रूव्हल गाइड’ या नावाने, एलपीसीबीची ‘रेडबुक लाइव्ह’वर, यूएलची ‘प्रॉडक्ट आयक्यू’वर घरबसल्या फुकट बघता येते, कुठे कुठे आधी नाव नोंदवावं लागतं. क्रमांक टाका. यादीत नसेल तर प्रमाणपत्र संपलं तरी आहे, काढून घेतलं तरी आहे, किंवा कधी नव्हतंच.

यादीत सापडलं तर ओळीने ताडा. कारखाना तोच आहे का? मोठ्या कंपन्यांचे अनेक कारखाने असतात आणि मान्यता एखाद्याच कारखान्याला असते. जाडी त्या पल्ल्यात बसते का? गाभ्याचं नाव तेच आहे का? भिंतीसाठी आहे की छतासाठीही? उंची?

तारीख नीट बघा. भारतात फोम फुगवायला पूर्वी एचसीएफसी-१४१बी नावाचं रसायन वापरायचे. ओझोनच्या करारानुसार त्याचा वापर २०१९ अखेर थांबला आणि कंपन्यांनी सायक्लोपेंटेनसारखे दुसरे पर्याय घेतले. म्हणजे त्या रसायनावर चालणाऱ्या कारखान्याचा २०१६ चा पफचा रिपोर्ट आजच्या कृतीचा नाही. कंपनी तीच, मॉडेलचं नाव तेच, फोम वेगळा. एका पुरवठादाराला मी हे विचारलं तेव्हा तो म्हणाला, ‘असं आजवर कोणी विचारलं नाही.’ उत्तर त्याने दिलं नाहीच.

८. ऑर्डरमध्ये लिहून घ्या

पर्चेस ऑर्डरवर ‘पफ पॅनेल, १०० एमएम, फायर रिटार्डंट’ असं कधीच लिहू नका. त्यातून काहीच सिद्ध होत नाही. लिहायचं ते असं: प्रमाणपत्र क्रमांक, मानक आणि त्याचा भाग, कारखाना, गाभा, जाडी, दोन्ही बाजूंच्या पत्र्याची जाडी आणि थर, सांध्याचा प्रकार. पुढे दोन अटी. एक, दर पॅनेलवर किंवा गठ्ठ्यावर प्रमाणन संस्थेची खूण आणि बॅच क्रमांक असेल. दोन, न जुळणारा माल पुरवठादार स्वखर्चाने परत नेईल.

पत्र्याबद्दल कोकणापुरतं एक. खाडीच्या किंवा समुद्राच्या जवळ साधा पत्रा कापलेल्या कडांपासून गंजायला लागतो. सांधा गंजला की त्यातून आधी बाष्प शिरतं आणि आगीच्या वेळी ज्वाळा. म्हणून जाड गॅल्व्हल्यूमचा थर आणि चांगला रंग मागा. पण प्रमाणपत्रात तो थर आणि रंग आहे ना, तेही बघा. रंग बदलून घेतलेलं पॅनेल प्रमाणपत्राबाहेर गेलेलं असू शकतं.

९. माल उतरवताना

ट्रक आल्यावर खूण आणि बॅच क्रमांक ऑर्डरशी जुळवा, दर गठ्ठ्याचे फोटो काढा, एका पॅनेलची कापलेली कड बघा. जाडी मोजपट्टीने, पत्रा मायक्रोमीटरने. एक तुकडा बॅच क्रमांक लिहून जपून ठेवा. शंका आली तर गाभा पफ आहे की पीआयआर हे प्रयोगशाळा त्या तुकड्यावरून सांगू शकते.

१०. उभारणी: प्रमाणपत्र इथेच वाया जातं

यावर मी थोडं जास्त लिहिणार आहे, कारण कागद पक्के करूनही माणसं इथे घसरतात.

पॅनेलचा पत्रा आगीत फार काळ फोमला चिकटून राहत नाही. चिकटवण सुटली की पत्रा लोंबतो आणि उघडा गाभा आगीच्या तोंडी जातो. छतात असं झालं तर छत खाली येतं. इंग्लंडमध्ये हेरफर्डच्या कोंबडी-प्रक्रिया कारखान्यात १९९३ साली लागलेल्या आगीत दोन अग्निशामक जवान गेले, तेव्हापासून तिथे अशा पॅनेलांकडे वेगळ्या नजरेने बघायला लागले. म्हणून छताची पॅनेलं नुसती भिंतीवर टेकवून आणि खालच्या पत्र्याला लटकवून ठेवू नयेत. पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे आरपार बोल्टने वरच्या लोखंडी सांगाड्याला धरलेली हवीत. फॅब्रिकेटर म्हणेल, ‘आरपार बोल्टने थंडी गळते.’ त्यासाठी नायलॉनचे तुकडे मिळतात. पुस्तिकेत कुठले दिले आहेत ते बघून तेच वापरा.

भोकं. पाइप, केबल, ड्रेन, दिवे, सेन्सर: दर भोकातून गाभा उघडा पडतो. केबल कधीही नुसती गाभ्यातून ओढू नका. धातूच्या नळीतून न्या. भोकाची कड बंद करा आणि फट फायर सीलंटने भरा. साधं सिलिकॉन आणि फायर सीलंट दिसायला सारखंच असतं, म्हणून ट्यूबचे फोटो काढून ठेवा. भोकांची जागा आधीच नकाशावर ठरवा, नाहीतर इलेक्ट्रिशियन होल-सॉ घेऊन मनाला येईल तिथे पाडतो.

जागेवर ओतलेला फोम. कोपरे, दाराची चौकट आणि छताचा सांधा भरायला फॅब्रिकेटर दोन डब्यांतलं रसायन मिसळून ओततो. हा फोम तुमच्या प्रमाणपत्रात नसतो. शक्य तिथे रॉकवूलच्या पट्ट्या भरा, आणि जिथे ओतावाच लागेल तिथे तो धातूच्या पट्टीखाली पूर्ण झाका.

वेल्डिंग. दक्षिण कोरियातल्या इचॉनमध्ये २००८ साली काम चालू असलेल्या कोल्ड स्टोरेजमध्ये आग लागून ४० जण गेले. त्याच शहरात २०२० मध्ये बांधकाम चालू असलेल्या गोदामात ३८ गेले. युनिट कूलरच्या (आतली हवा थंड करणाऱ्या यंत्राच्या) पाइपच्या वेल्डिंगची ठिणगी फोममध्ये गेली, असं पोलीस तपासात पुढे आलं. दोन्ही इमारती अजून चालू व्हायच्या होत्या. म्हणून लोखंडाचं सगळं वेल्डिंग पॅनेल येण्याआधी संपवा. नंतर करावंच लागलं तर लेखी परवानगी, जवळ एक्स्टिंग्विशर, काम संपल्यावर किमान अर्धा तास तिथे बसणारा माणूस, आणि फोम ओतण्याचं काम त्या दिवशी बंद. ठेकेदार कुरकुर करेल. करू द्या.

११. फायर एनओसी आणि विमा

जागा एमआयडीसीत असेल, मिरजोळे, खेर्डी, लोटे परशुराम, महाड किंवा कुडाळ, तर एमआयडीसीच्याच अग्निशमन विभागाची आधी तात्पुरती आणि काम झाल्यावर अंतिम मंजुरी लागते. बाहेर असेल तर बांधकाम परवानगी देणाऱ्या कार्यालयात कोणाकडे जायचं ते पहिल्याच भेटीत विचारून घ्या. कायदा आहे ‘महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६’. यंत्रणा बसवल्यावर परवानाधारक एजन्सी नमुना ‘अ’ देते. पुढे दर जानेवारीत आणि जुलैत ती चालू स्थितीत असल्याचा नमुना ‘ब’ द्यावा लागतो.

माझ्या अनुभवात तपासणीचा भर हायड्रंट, एक्स्टिंग्विशर, बाहेर पडायच्या वाटा आणि पाण्याच्या टाकीवर होता. पॅनेलच्या गाभ्याबद्दल कोणी विचारलं नाही. तरी प्रमाणपत्र आणि पॅनेलांचा नकाशा अर्जाला जोडा. उद्या बंब आला तर भिंतीत काय आहे हे त्या लोकांना माहीत असायला हवं. दारावरही ठळक पाटी लावा: भिंतीत पीआयआर, मशीनरूमच्या भिंतीत रॉकवूल, थंडाव्यासाठी अमोनिया वायू असेल तर तोही. तालुक्याच्या गावाहून बंब यायला वेळ लागतो, आणि आल्यावर आत शिरायचं की नाही हे जवान या पाटीवरून ठरवू शकतात.

विम्याच्या प्रस्तावात बांधकामाचा प्रकार लिहायचा असतो. तिथे एजंट सवयीने ‘आरसीसी/लोखंडी’ लिहून मोकळा होतो. पॅनेल आहे हे लिहा, गाभा लिहा, प्रमाणपत्र जोडा आणि पोच घ्या. पाच कोटींपर्यंतच्या मालमत्तेला ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ आणि त्यापुढे पन्नास कोटींपर्यंत ‘भारत लघु उद्यम सुरक्षा’ या पॉलिसी २०२१ पासून आहेत. दाव्याच्या वेळी सर्व्हेअर पहिल्यांदा हेच बघणार की सांगितलेलं बांधकाम आणि जळलेलं बांधकाम एकच होतं का.

१२. युनिट चालू झाल्यावर

मोसमात पॅकिंग हॉलमध्ये लाकडी पेट्या, पुठ्ठा आणि आढीचा पेंढा छतापर्यंत जातो. तो पॅनेलच्या भिंतीला टेकवू नका. जमिनीवर पिवळी रेघ मारून मोकळी पट्टी ठेवा आणि रेघेवर खुशाल भांडा. बाहेरच्या बाजूला गवत काढत राहा, एप्रिलमध्ये वणवा कुठून येईल सांगता येत नाही. स्टॅकरचं बॅटरी चार्जिंग चिऱ्याच्या भिंतीपाशी न्या. फ्रीझरच्या दाराची हीटर वायर आणि डिफ्रॉस्ट हीटर दरवर्षी तपासून घ्या. दाराची वायर तर फोमला लागूनच असते.

घुशी आणि उंदीर पॅनेलचा तळ कुरतडून गाभ्यात घर करतात, वायरही कुरतडतात. तळाच्या यू-चॅनलची टोकं धातूने बंद करा आणि पावसाळ्यानंतर सगळीकडून एकदा फिरून बघा.

पॅनेल बदलायची वेळ आली, फोर्कलिफ्टने दाबलं किंवा वादळात पत्रा उचकटला, तर जवळच्या फॅब्रिकेटरकडे पडलेलं ‘तसंच दिसणारं’ पॅनेल घेऊ नका. फाइलमधला प्रमाणपत्र क्रमांक देऊन तेच मागवा, आणि ते येईपर्यंत उघडा गाभा पत्र्याने झाकून रिव्हेट मारा. फाइलची एक प्रत युनिटबाहेर, घरी ठेवा.